नोहाच्या बायकोचं तोंड

देवाने जलप्रलय एकदाच केला आणि पुन्हा करणार नाही असा शब्द दिला. आमच्या यॉर्कच्या नावाड्यांनी असला शब्द कुणालाच दिलेला नव्हता. ते दरवर्षी ख्रिस्तदेहाच्या सणाला जगबुडी करत, तीही एकाच दिवसात बारा ठिकाणी. आणि प्रत्येक जगबुडीत नोहा वाचे, त्याची पोरं-सुना वाचत, फळीवर रंगवलेली माकडंसुद्धा वाचत. बुडायची ती एकटी एमट.

एमट ही कथबर्ट नावाड्याची बायको. ऊझ नदीच्या पुलावर हेरिंग माशांची पिंपं मांडून बसायची. अंगाने आडवी, हाताने उदार आणि तोंडाने फटकळ. आमच्या गावात तसं तोंड घरटी एक असतं. फरक इतकाच, की बाकीच्यांचं तोंड घरात राहिलं आणि एमटचं गाड्यावर चढलं.

गाड्याचा रिवाज असा, की पवित्र शास्त्रातली गोष्ट धंद्याधंद्यांत वाटून दिलेली. ज्याचा त्याचा चाकांवरचा गाडा, ज्याचा त्याचा खेळ. पहाटे मिकलगेटपासून गाडे निघायचे, ठरलेल्या दारापुढे थांबायचे, खेळ करायचे आणि पुढे सरकायचे. मागून दुसरा गाडा हजर. पाववाल्यांकडे प्रभूचं शेवटचं भोजन, कारण पाव घरचाच. खिळेवाल्यांकडे क्रूस, आणि खिळे जरा गरजेपेक्षा लांबच, कारण समोर गिऱ्हाईक उभं. प्रत्येक गाड्यावर वेगळा येशू, त्यामुळे संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात चार-पाच येशू एका बाकावर बसून कुणाचं मरण जास्त रंगलं यावरून हमरीतुमरीवर यायचे. भक्तिभाव नुसता ओसंडून वाहायचा. नावाड्यांचा संबंध पाण्याशी, म्हणून त्यांच्याकडे जलप्रलय.

बाईमाणसाने गाड्यावर चढायचं नाही. त्याने धर्म बुडतो. दाढी भादरलेल्या बाप्याने बायकोचा झगा घालून दुसऱ्या बाप्याला लाथा हाणल्या, की मात्र धर्म तरतो. नोहाची बायको कथबर्ट करायचा. पाद्रीबाबांनी लिहून दिलेल्या खेळात तिला बोलणं थोडंच होतं: मी तारवात येत नाही, मला घरी कामं आहेत, एवढंच. उरलेलं कथबर्ट पदरचं घालायचा. पदर अर्थात एमटचा.

एमटला एक सवय होती. आधीच ठाऊक असलेली गोष्ट कुणी मोठ्या शहाणपणाने तिला सांगितली, की ती दोन्ही हात कमरेवर ठेवायची, मान तिरकी करायची आणि म्हणायची, "बरं झालं, सांगितलंस!" बस्स, एवढंच. पण त्या एवढ्याशात समोरचा माणूस वाळून जायचा. एका वर्षी गाड्यावर नोहा झालेला जाडा पिअर्स हात वर करून गरजला, "बायको, देव सगळं जग बुडवणार आहे!" आणि कथबर्टने कमरेवर हात ठेवले, मान तिरकी केली आणि म्हटलं, "बरं झालं, सांगितलंस! नाहीतर मी आत्ता कपडे वाळत घालणार होते!"

लोक इतके हसले, की मागचा अब्राहामाचा गाडा खोळंबला. तेव्हा ॲव्हिस, एमटची लेक, रांगत होती. तेव्हापासून एमटचं नाव गावाने पुसून टाकलं. ती झाली नोहाची बायको.

पहिल्यांदा तिलाही गंमत वाटली, खोटं कशाला बोला. पण हसू सणापुरतं थांबेना. पोरं तिच्यामागून कमरेवर हात ठेवून चालायची. ती भांडली की लोक हातातली कामं टाकून गोळा व्हायचे. एकदा हल बंदरातल्या व्यापाऱ्याने तिच्या गळ्यात नासक्या हेरिंगचं पिंप मारलं. ती तडक बाजाराच्या पंचांकडे गेली आणि पिंपाचं झाकण उघडून त्यांच्या नाकाखाली धरलं.

"वास घ्या! हे मासे आहेत की कुणाची मयत आहे?"

पंच डोळे पुसत म्हणाले, "काय बोलते, काय बोलते! हात, एमट, हात कमरेवर राहिले की!"

पिंप तिने पुलावरून नदीत ओतलं. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते म्हणतात. एमटचे ताजे मासेही पडून राहायचे, कारण लोक ऐकायला यायचे, घ्यायला नाही. ती संतापली तर खेळ, रडली तर खेळ. खरं बोलायला तिच्याकडे तोंडच उरलं नव्हतं.

हेही तिने गिळलं असतं. पण ॲव्हिसचं जमत आलं. मुलगा माइल्स, कोनी स्ट्रीटच्या दोरवाल्यांचा. पोरगा पोरीच्या मागे इतका वेडा, की त्याने त्या वसंतात खाल्लेल्या हेरिंगवर एखादा मठ उपासाचे चाळीस दिवस काढता. अडलं ते त्याच्या आईपाशी. डायनिस तिचं नाव. नवऱ्यामागे दोराचा धंदा तिने एकटीने वाढवला होता. बोलायची इतकं हळू, की माणसाला पुढे वाकून ऐकावं लागे, आणि वाकलेला माणूस तिला आवडायचा.

एमट नवी टोपी घालून तिच्याकडे गेली तेव्हा डायनिसने तिला बसायला बाक दिला, प्यायला बिअर दिली आणि नकारही दिला.

"मुलीला मी नाव ठेवत नाही हं," ती हळूच म्हणाली. "पण खाण तशी माती. नोहाच्या बायकोची लेक सून करून आणली, तर उद्या पोरं जमतील, हसतील. माझ्या दारात! आमचं घर शांत आहे, बाई. असलं माझ्या दारात चालायचं नाही."

"पण ती नोहाची बायको मी नाहीच. तो माझा नवरा आहे."

"तेच तर," डायनिस म्हणाली.

घरी येऊन तिने कथबर्टला गाठलं. तो पायातले बूट चुलीशी वाळवत होता.

"या वर्षी दुसऱ्या कुणाला बायको होऊ दे. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"अगं, दुसरा कोण करणार? येरागबाळ्याचं काम आहे का ते? कला आहे ती."

"कला तुझी आणि तोंड माझं! फुकटात नेतोस, वर मलाच शहाणपण शिकवतोस?"

कथबर्ट गप्प झाला. एमटला वाटलं, लागलं बोलणं. मग तिने पाहिलं, की त्याचे ओठ हलताहेत. डोळे अर्धे मिटून तो पुटपुटत होता, "कला तुझी, तोंड माझं... तारू तुझं आणि तोंड माझं... वा! पिअर्सने दार उघडलं की लगेच. पुन्हा म्हण की, जरा रागाने."

एमटच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. फार चांगलं वाक्य होतं. तिने ते गिळलं. तिला रडू आलं होतं, पण रडलं तर तेही गाड्यावर जाईल अशी धास्ती वाटली. म्हणून तिने बूट उचलले, पुसले आणि गोड आवाजात म्हणाली, "दमला असशील. पेज वाढू?"

कथबर्टने मागे वळून पाहिलं, ती कुणाशी बोलते आहे म्हणून.

त्या दिवसापासून एमटने तोंड मिटलं. आधी कथबर्टला वाटलं, आजारी असेल. मग वाटलं, पैसे हवे असतील. मग मात्र तो घाबरला. नवीन काही हातात नव्हतं आणि सण जवळ येत होता. त्याने चिखलाचे पाय घेऊन अंथरुणात शिरून पाहिलं. एमटने चादर धुतली. त्याने खारवलेला मासा तिच्यादेखत मांजराला घातला, ती म्हणाली, "खाऊ दे बिचारीला." शेवटी त्याने ब्रह्मास्त्र काढलं आणि शेजारणीच्या हातची भाकरी काय मऊ असते म्हणाला. एमट म्हणाली, "खरंच. शिकून घेते हो तिच्याकडून." तो माणूस त्या रात्री जेवला नाही.

पाद्रीबाबांनी प्रवचनात तिचं उदाहरण दिलं. प्रार्थनेचं फळ म्हणाले.

तालमीत मात्र फळ आंबट लागलं. कथबर्ट मागच्या वर्षीचं म्हणू लागला, तर गाडा ओढणारे त्याच्याआधीच ते म्हणून मोकळे. आणि जुनंच म्हणायचं तर त्याला सूर रोज घरी ऐकल्याशिवाय सापडत नव्हता. तो "बरं झालं, सांगितलंस" असं म्हणे, की ऐकणाऱ्याला वाटावं, खरंच बरं झालं असेल. नगरसभेचा नियम कडक. खेळ पडला तर दंड सगळ्या नावाड्यांना. तेव्हा नावाड्यांचा म्होरक्या हॅमंड दोन वडीलधारे घेऊन एमटच्या दारात आला. एरवी पुलावर तिला "ए नोहाची" म्हणून हाक मारणारे हे लोक आज टोप्या हातात धरून उभे होते.

"बाई, एक विनंती होती. तुम्ही कथबर्टला एकदा झाडा."

"मी?" एमट म्हणाली. "कशाबद्दल हो? सोन्यासारखा नवरा आहे."

"तो सोन्यासारखा नाही हो!" हॅमंड कळवळून म्हणाला. "परवा त्याने भरली होडी गाळात रुतवली. आम्ही साक्षीदार आहोत. आळशी आहे, बाई. घोरतो."

"चालायचंच. माणूस आहे."

"निदान चारच शब्द! आमच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"अब्रू," एमट हळूच म्हणाली. "हो, ती असते खरी माणसाला." आणि तिने तिघांना बिअर दिली. तिघांनी ती विष प्यावं तशी प्यायली.

सणाच्या सकाळी तिने स्वतःच आपला जुना झगा धुऊन, घडी घालून कथबर्टच्या हातात दिला. त्याने तो असा घेतला, की जणू फासावर जाताना घालायचा आहे.

मिकलगेटला खेळ पडला. नुसता पडला असता तरी चाललं असतं, पण फिरत्या गाड्याचं एक आहे: गाडा चाकावर जातो आणि बातमी पायांवर, आणि बातमी आधी पोचते. पुलापर्यंत गाडा येईतो लोक कोबीचे बुडखे घेऊन तयार होते. "एमटला बोलवा!" कुणीतरी ओरडलं. कथबर्टही मनातून तेच ओरडत होता.

कोनी स्ट्रीटवरचा थांबा त्या वर्षी डायनिसने नगरसभेला पैसे भरून आपल्या दारापुढे घेतला होता. दारापुढे फळ्यांचं आसन, त्यावर गाद्या, गाद्यांवर बेव्हर्ली गावाहून बोलावलेली सासरची माणसं. बेव्हर्लीलाही असेच खेळ होतात, आणि आपलेच बरे होतात असं त्यांना वाटतं, म्हणून तर मुद्दाम बोलावलेलं. एमट आणि ॲव्हिस समोरच्या बाजूला गर्दीच्या कडेला उभ्या होत्या. पोरीचं लक्ष माइल्सकडे, माइल्सचं पोरीकडे. जगबुडीकडे दोघांचंही नव्हतं.

पिअर्स गरजला, "बायको, देव सगळं जग बुडवणार आहे!"

कथबर्टने कमरेवर हात ठेवले. "बरं... झालं. सांगितलंस."

गल्लीत चिडीचूप. एक कुत्रं भुंकलं आणि तेही ओशाळलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "काय हो दोरवाल्या बाई, तुमच्या दारात प्रलय उताणा पडला की!" आणि डायनिसची नणंद गादीवरून उठत, झगा झटकत म्हणाली, "असू दे गं, डायनिस. आमच्याकडे चांगला असतो हा खेळ. पुढच्या वर्षी तूच ये."

झालं. इतकी वर्षं हळू बोलून साठवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. डायनिस ताडकन उठली. एक हात छातीवर, दुसऱ्या हाताचं बोट आपल्या उंबऱ्याकडे.

"माझ्या दारात?" तिचा आवाज थेट नदीपर्यंत गेला. "अरे मुडद्या, सगळ्या गावात रडलास ते रडलास, माझ्या दारात? फळ्या मी आणल्या! गाद्या मी घातल्या! या सटवीला जेवायला घातलं मी! आणि तू इथं उभा राहून मेल्या माशासारखा तोंड वासतोस? माझ्या दारात?"

कथबर्टने मान वर केली. एमटने त्याचा चेहरा पाहिला आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ओठ हलत होते.

गोंधळलेल्या पिअर्सला पुढचं वाक्य तेवढं आठवलं. "बायको, पाणी चढतंय!"

कथबर्टने एक हात छातीवर नेला, दुसऱ्या हाताचं बोट रोखलं, आणि अगदी डायनिसच्या आवाजात किंचाळला, "पाणी? माझ्या दारात? देवाला म्हणावं, दुसरीकडे बुडव! मी आत्ताच झाडून घेतलंय! माझ्या दारात?"

गल्ली फुटली. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून हसले. बेव्हर्लीची नणंद पुन्हा गादीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली. असलं तर त्यांच्याकडेही नव्हतं. उरलेल्या सगळ्या थांब्यांवर जलप्रलय डायनिसच्याच दारात झाला, आणि दर थांब्याला तिच्या दारात आणखी काहीबाही येत गेलं: हत्ती आला, सासू आली, शेवटी तर स्वतः देव आला आणि त्यालाही पाय पुसायला लावले.

एमट हसून हसून भिंतीला टेकली. ॲव्हिस मात्र पांढरीफटक पडली होती.

"हसतेस काय, आई? बाबांनी तिला गावभर केलं. आता ती मला कशाला करून घेते?"

एमटचं हसू तिथेच थांबलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिला पुन्हा नासकं पिंप मिळालं. हलचा व्यापारी सवयीचा गुलाम. ती पंचांकडे गेली, झाकण उघडलं, "वास घ्या" म्हणाली आणि हसणं ऐकायला मन घट्ट केलं. पंचांनी नाक धरलं. "शी! हे काय विकायचं असतं? बदलून द्या रे बाईंना." बस्स. कुणी हसलं नाही, कुणी जमलं नाही; हसायला गावाला आता डायनिस होती. नवं पिंप गडगडत तिच्या जागेवर आलं. एमट पुलाच्या कठड्याला धरून उभी राहिली. आपण बोललो आणि ते ऐकलं गेलं, याचं तिला इतकं अप्रूप वाटलं, की पहिल्या गिऱ्हाइकाला तिने दोन मासे वर घातले.

डायनिस आली ती मागच्या दाराने, डोक्यावरून शाल ओढून. ॲव्हिस अंगणात मासे मिठात घालत होती. तिच्याकडे न बघता डायनिस आत शिरली आणि बाकावर बसली. एमटने आठवडाभर तिच्यासाठी शब्द धार लावून ठेवले होते. खाणीबद्दल होते, मातीबद्दल होते.

"दुकानात येतात आणि म्हणतात, दोर द्या, पण माझ्या दारात नको," डायनिस म्हणाली. आवाज पुन्हा हळू झाला होता, पण आता पुढे वाकली होती तीच. "काल गड्याला म्हटलं, दोर सैल वळलायस, माणूस मरेल त्याने. तो हसला. एमट, दोर खरंच सैल होता."

एमटला नदीत ओतलेलं पिंप आठवलं. धार लावलेले शब्द तिने तसेच ठेवून दिले.

"किती दिवस चालतं हे?"

"ॲव्हिस रांगत होती, तेव्हापासून माझं चाललं होतं."

डायनिसने दारातून अंगणाकडे पाहिलं. पोरगी आता चांगली उंच झाली होती.

"त्याला सांग ना, पुढच्या वर्षी माझं नको म्हणून."

"माझं तो ऐकत असता, तर मी तुझ्याकडे टोपी घालून आले असते का?"

मग डायनिस खाली मान घालून म्हणाली, "तू... तू पुन्हा बोलायला लागलीस तर? घरात. त्याच्याशी. त्याला घरचं मिळालं, तर तो बाहेरचं कशाला घेईल?" आणि मग, घाईघाईने, "सुगीच्या सणाआधी लग्न उरकून टाकू. पोरगी गुणाची आहे. मी पहिल्यापासून म्हणत होते."

खाण तशी माती म्हणत होतीस, असं एमट म्हणाली नाही. तिला ते पिंप डोळ्यांसमोर दिसत होतं, गडगडत आलेलं, ताज्या माशांचं. एकच मिळालं. दुसरं मिळणार नव्हतं. तिला फार वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, कारण सांगायला गेलं तर लोक हसले असते.

"भाकरी खाऊन जा," ती डायनिसला म्हणाली. "पुढच्या दाराने जा. व्याही माणसं मागच्या दाराने जात नाहीत."

संध्याकाळी कथबर्ट आला. चिखलाचे बूट घेऊन थेट चुलीपर्यंत आला, नुकत्याच पुसलेल्या जमिनीवरून, आणि मोठ्या जाणत्या आवाजात म्हणाला, "एमट, आज पाऊस पडतोय बरं का."

एमटने बुटांकडे पाहिलं. मग दाराबाहेर पाहिलं. तिथे ॲव्हिस माइल्सशी बोलत भिजत उभी होती आणि तिला ते कळतही नव्हतं. एमटने कमरेवर हात ठेवले. सवय गेली होती. हात जागेवर बसायला जरा वेळ लागला. मग तिने मान तिरकी केली.

"बरं झालं, सांगितलंस!"

कथबर्ट जागच्या जागी थांबला. हळूच, आवाज न करता, तो स्टुलावर बसला. त्याचे ओठ हलू लागले. एमटला ते दिसलं. तरी ती बोलत राहिली, बुटांवर, होडीवर, घोरण्यावर, सगळं साठलेलं. आणि आवाज जरा मोठाच लावला, कोनी स्ट्रीटपर्यंत जाईल असा. तिथे तिची लेक नांदायची होती.